परभणीपर्यंतचा हार

जिंतूरच्या बसस्टँडवर हार विकणाऱ्या मावशी दोरा दातात धरूनच बोलायच्या. एकदा मी मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं, "हवाई बेटांवर पाहुण्याच्या गळ्यात फुलांचा हार घालतात. रक्ताचं नातं नसलं तरी त्याला घरचंच मानतात."

"मग त्यात नवल काय?" म्हणत त्यांनी सगळ्यात मोठा हार उचलला. कोऱ्या खाकी वर्दीतली एक कंडक्टर पहिल्या ड्युटीसाठी परभणीच्या गाडीकडं निघाली होती. मावशींनी तिच्या गळ्यात हार घातला.

"तुमची लेक?" मी विचारलं.

"जावंची. जाऊ गेली तवा ही रांगत व्हती. दोऱ्यात ओवल्यावर फुलाला कुणी शिवार इचारतंय का?"

पोरगी लाजून हार काढू लागली. मावशींनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. परभणीपर्यंत समद्यायला दिसू दे."