उकडहंडीचा वास

हंडीभोवती जाळ चांगला धरला की ती दोन पावलं मागे सरायची, पदर कमरेला खोचायची आणि मला विचारायची, "वास काय म्हनतो?"

केळव्याला शनिवार-रविवारी कधी आला असाल तर तुम्ही तिला पाहिलं असेल. सुपारीच्या वाडीत, पत्र्याच्या मांडवाखाली पाहुण्यांना जेवायला घालणारी, उंचीने बेताची आणि आवाजाने खणखणीत. आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. माझ्या घरातल्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देतो. राहणं माझ्याकडे, जेवण तिच्याकडे, असं आमचं बरीच वर्षं चाललं होतं.

पाहुणे मोबाइलवर यादी घेऊन यायचे. केळव्यात चुकवू नयेत असे दहा पदार्थ. काकी यादी शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. डिसेंबरात कोणी ताडगोळे मागितले की म्हणायची, "चैतात या." पापलेट मागितलं की म्हणायची, "बोंबील ताजे हायेत, ते खा." एका साहेबांनी पनीर विचारलं. काकीने त्यांना तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, आणि हे पनीर नव्हे असं ते म्हणायच्या आत दुसरी भाकरी वाढली.

थंडीत मात्र लोक यायचे ते उकडहंडीसाठी. कोनफळ, रताळी, वालपापडी, छोटी वांगी, ओवा आणि मीठ मडक्यात भरायचं, तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती झावळ्या पेटवायच्या. यात अडचण एकच. उपड्या मडक्यात डोकावता येत नाही. एकदा उचललं की उचललं. शिजलं की नाही ते वासावरूनच ओळखायचं, आणि ते काकीइतकं आमच्या आळीत कोणालाच जमत नसे.

दोन हिवाळे ती मला बोलावून वास विचारत होती. मी सांगायचो: पाला आला, ओवा आला, आता कोनफळाचा गोडसर वास सुटला. ती मान हलवायची आणि मडकं उचलायची. मला वाटायचं, ती मला शिकवते आहे. बोईसरला रसायनांच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेल्या नाकाला या वयात गुरू भेटला, म्हणून मी मनातून फुगलो होतो.

मग एका रविवारी मला सर्दी झाली. सांगायची लाज वाटली. घड्याळ बघून म्हणालो, "झाली." काकीने मडकं उचललं. कोनफळ दगडासारखं कच्चं निघालं. समोर चौदा पाहुणे ताटं घेऊन बसलेले.

काकी पुढे झाली. "माजं चुकलं. बोंबील तळते, बसा." माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

पाहुणे गेल्यावर मी सर्दीचं कबूल केलं. ती चुलीपाशी बसून होती. राख सारखी करत म्हणाली, "मला मोठा ताप आला ना, त्यानंतर वासच येत नाय. दोन वर्सं झाली. कोनाला बोलू नको. हंडी गेली तर मी कोन? नुसती वाडपी."

म्हणजे त्या रविवारी हंडीपाशी दोन माणसं उभी होती आणि नाक एकाकडेही नव्हतं. मला हसू आलं. तीही हसली, पण तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर आमची वाटणी ठरली. वास मी सांगायचा, पण "झाली" हा शब्द तिचा. मी सांगेन ते ती जुन्या आठवणीशी ताडून बघायची. "ओवा कच्चा का भाजका?" असं खोदून विचारायची. तीन हिवाळे एकही हंडी बिघडली नाही. नाक जरा चोंदलं तरी मी वाफ घेत बसायचो. बायको म्हणायची, "लग्नाच्या वेळीसुद्धा तब्येतीला इतकं जपलं नव्हतंत."

गेल्या थंडीत काकी अंथरुणाला खिळली. तरी पाहुण्यांना हो म्हणून बसली होती. हंडी मी आणि तिच्या सुनेने लावली, आणि मी वाडीतून घरात फेऱ्या घालू लागलो. पाला आला, म्हणून सांगितलं. "थांब." ओवा भाजला, म्हणून सांगितलं. "थांब." तिसऱ्यांदा गेलो तर तिला झोप लागली होती. कित्येक दिवसांनी लागलेली झोप. उठवायचा धीर होईना.

हंडी झाली होती. मला ते स्वच्छ कळत होतं. सून म्हणाली, "दादा, उचला ना." मी उचलली नाही. काकीला न विचारता उचलणं माझ्याने होईना. पाला करपल्याचा वास आला, मग कोनफळ करपल्याचा. मी ओटीवर बसून राहिलो.

तासाभराने काकी जागी झाली. "उगडली?"

"नाही. तू कुठे सांगितलंस?"

"येडा हायस. आता खा कोलसा."

पाहुण्यांना सुनेने बोंबील तळून वाढले. हंडीतलं आम्ही दोघांनी खाल्लं. काकीने उशीला टेकून एका कोनफळाचं काळं साल नखाने सोललं, आतला गर मला दिला आणि म्हणाली, "पुडच्या टायमाला तूच बोल, झाली म्हनून. मला इचारू नको."

पंधरा दिवसांनी ती गेली.

हंडी आम्ही अजून लावतो. "झाली" मीच म्हणतो, पण म्हणायला दर वेळी थोडा उशीर होतो. पाहुणे म्हणतात, पाला जरा करपलाय वाटतं. मी त्यांना सांगतो, इकडे अशीच करतात.