काचेमागची अक्षरं

हैदराबादच्या कुकटपल्लीत आमच्या शेजारी स्वयंपाकाला येणाऱ्या बाई जुन्या शहरातल्या मराठी वस्तीच्या, गौलीगुड्याच्या. कापडावर खिसे शिवून, जुन्या लग्नपत्रिकांवर मराठी अक्षरं काढून त्यांनी त्या घरच्या मुलीसाठी तक्ता केला. अक्षर खिशातून काढायचं, दुसऱ्याशेजारी ठेवायचं, वाचायचं.

आठवड्याने पाहिलं, तर तक्ता फ्रेम होऊन हॉलमध्ये टांगलेला! पाहुणे त्यापुढे फोटो काढत होते.

"हिने हात लावला की खराब होतो ना, मावशी," शेजारीण म्हणाली.

पिठाचे हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "काच नक्को होती, अम्मा. खराब व्हायलाच केलता की तो."

पाहुणे हसले. मराठी जपल्याबद्दल त्यांनी शेजारणीचं कौतुक केलं. मुलगी सोफ्यावर चढून काचेवर बोट फिरवत होती. आईने लगेच तिला खाली उतरवलं.