मागे पडायचा खेळ

कर्जतच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात मी भाकऱ्या थापायला लागले, तेव्हा तिथली माणसं माझ्याशी नीट वागायची. मुख्य स्वयंपाकीण मावशी तर आमच्या शेजारच्या गावची. बिघडलं ते मुंबईहून नवा मॅनेजर आल्यावर.

"आजपासून आपण टीम. प्रत्येकाला प्रत्येकाचं काम आलं पाहिजे," तो म्हणाला, आणि मटणाचं वाटण शिकायला त्यानं मला मावशीशेजारी उभं केलं.

त्या दिवसापासून मावशीनं तोंड फिरवलं. मी जवळ गेले की ती मसाल्याच्या डब्यांवर झाकणं लावायची. भांडी घासणारी बाई माझं ताट तेवढं तसंच खरकटं ठेवायची. दोघे वेटर मी आत शिरले की गप्प. मला वाटलं, निवळेल हळूहळू.

मॅनेजरच्या ते लक्षात आलं होतं. एका दुपारी पाहुणे नव्हते, तेव्हा त्यानं आम्हाला हिरवळीवर बोलावलं. एकानं डोळे मिटून ताठ मागे पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं. यानं विश्वास वाढतो म्हणे. एक वेटर पडला, त्याला झेललं. मावशीही पदर खोचून हसत हसत पडली. तिला झेलताना माझेही हात होते. मग माझी पाळी आली.

मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले, डोळे मिटले. मागून मावशीचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी इतका मऊ. "पड गं बाय, आमी हाय ना."

त्या आवाजावर मी अंग सोडलं.

कुणी झेललं नाही. हात मागे हिरवळीच्या कडेच्या फरशीवर आपटला आणि मनगटातलं हाड कडकन वाजलं. डोळे उघडले तर सगळे मागे सरकून उभे, हात खाली.

"सायेब, तिनं लवकर अंग टाकलं," एक वेटर म्हणाला. "आमी तयारच नवतो."

मॅनेजरनं ते मानलं. त्यालाही तेच सोयीचं होतं. टीमचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

दवाखान्यात मला मावशीच घेऊन गेली. बाकावर माझ्याशेजारी बसून म्हणाली, "तुज्यावर राग नाय गं आमचा. पर माज्या आदी हितं जी सैपाकीण होती, तिनं मला सगळं शिकवलं. कुटं हाय ती आता?"

"मावशी, हात मोडला माझा."

"डोकं वाचलं, देवाची किरपा. भाकऱ्यांची काळजी करू नको. उद्यापासनं माजी सून येईल."

सून अजून तिथंच आहे.

त्या दिवशी बाकावर मावशीनं मग चहा मागवला. बशीत ओतला, फुंकर घातली आणि लेकराला पाजावा तसा माझ्या ओठांना लावला. मी प्याले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि माझ्याबरोबर दुसरं कुणी आलं नव्हतं.