मोहाखालची रेंज

वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोडसर वास आला की ती पहाट आठवते. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. शेजाऱ्यांच्या सिमकार्डाला घरात रेंज यायची, पण त्या कंपनीचा टॉवर नेमका बंद पडलेला. माझ्या सिमकार्डाला रेंज फक्त जंगलाकडच्या मोहाच्या झाडाखाली. धावत तिथं गेलो, सानगडीच्या जीपवाल्याला फोन लावला आणि बुंध्यापलीकडे फुलं खाणारं अस्वल दिसलं. सरकलो असतो तर रेंज गेली असती. "भाऊ, गाडी आण," मी कुजबुजलो. "आयकू नाही येऊन राह्यलं, जोरात बोल ना!" डोळे मिटून मी गावाचं नाव ओरडलो. पलीकडचं मचमच खाणं थांबलं. त्या दिवशी जन्मलेली मुलगी आता फोनवर म्हणते, "बाबा, जोरात बोला ना," तेव्हा मी आधी मागे वळून पाहतो.