अप्पाची गरम गाडी

अप्पा गेल्याचा फोन त्याच्या प्रकाशा गावाहून आला, तेव्हा मला आधी शंकाच आली. माझा हा थोरला भाऊ बहाणे करण्यात पक्का. हाही त्यातलाच एखादा असेल, असं वाटलं... नव्हता.

संशयाचं मूळ त्याच्या गाडीत होतं. स्वतःच्या मुलाच्या लग्नात माइकवरून नावं पुकारून जावयांना टोपी-टॉवेल देताना अप्पाने आमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव आधी घेतलं. माझे यजमान थोरले जावई. हे भरल्या मांडवातून न जेवता उठले आणि रनाळ्याला परतले. बोलणं बंद. पुढे अप्पा तो मानाचा टॉवेल घेऊन स्वतः आमच्याकडे आला, पण यांनी हातही लावला नाही. अप्पा तोंड पाडून गाडीत बसला, चावी फिरवली. नुसतं टक! सेल्फ घेईना.

"गरम व्हयनी का असंच करस," तो ओशाळून म्हणाला.

हे उठले. फडकं म्हणून तोच टॉवेल उचलला, भिजवून पिळला आणि बॉनेट उघडून सेल्फच्या मोटारीवर ठेवला. मानाच्या टॉवेलची ही गत! मी मनातल्या मनात चरफडले. पण गाडी थंड होईपर्यंत अप्पा ओट्यावर बसला, चहा प्यायला.

मग हे वरचेवर होऊ लागलं. दोघं बोलू लागले, पण फक्त गाडीबद्दल. "बॅटरीनी वायर देखी का?" "देखी, दाजी." लग्नाचा विषय कोणी काढेना.

मला मात्र बहाण्याचा वास येत होता. शहाद्याच्या बाजारात ही गाडी अडल्याचं वहिनीकडून कधी ऐकलं नाही. अडायची ती आमच्याच अंगणात, तीही जेवणाच्या वेळेला. शिवाय गेल्या उन्हाळ्यापासून ते 'टक'सुद्धा ऐकू येईनासं झालं होतं.

"मन्हा भाऊ नाटक करस," मी यांना म्हटलंही.

"तुले गाडीमधलं काय समजस?" म्हणून यांनी मला गप्प केलं.

अप्पा गेल्यानंतर, गेल्या आठवड्यात त्याचा मुलगा, माझा भाचा नितीन तीच गाडी घेऊन आला. भर उन्हातून आलेली, बॉनेटला हात लावला तर चटका. तो निघाला तसे हे सवयीने टॉवेल भिजवून गाडीपुढे उभे. नितीन बघतच राहिला.

"कशाले? सेल्फ त मांगला उन्हायामाच नवा टाकेल शे."

त्याने चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू.

मी यांच्याकडे वळले. वर्षभर ज्याने त्या सेल्फवर टॉवेल पसरला, त्याला तो नवा दिसला नसेल?

"तुम्हले माहीत व्हतं ना?"

"पहिल्याच दिन दिखना," हे म्हणाले. "सांगी देतू, त तो थांबता का?"

दोघांनी मिळून मला बनवलं होतं. राग आला आणि रडूही कोसळलं.

नितीनची गाडी गेली. यांनी टॉवेल पिळला, झटकला आणि ऑइलच्या डागांसकट खांद्यावर टाकला. आता शेतात जातानाही तोच घेतात.