वहिनी चार्जिंगला बसते

आमची वहिनी शांत बसलेली बघायची असेल तर गुरुवारी दुपारी यायचं. एरवी ती दिसेल, पण पाठमोरी. भट्टीकडे जाताना, नाहीतर जिना चढताना.

आमची बेकरी आहे. खाली भट्टी आणि दुकान, वर आम्ही राहतो. माझा थोरला भाऊ, दादा, भट्टी सांभाळतो. मी केकवर फुलं काढते. दादाची लेक गल्ल्यावर बसते. तिला आम्ही ठकी म्हणतो, आणि ती गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा गोड बोलते. आता माझ्यापेक्षा गोड बोलणं काही अवघड नाही, हेही खरं. उरलेलं सगळं वहिनी करते. उरलेलं म्हणजे काय ते मला विचारू नका. आपण बघायला जातो तोवर ते झालेलं असतं.

मैद्याची पोती ओढून ओढून तिच्या कमरेची पार वाट लागली होती. कमरेतून कळ निघायची ती थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. औषधं झाली, शेक झाले, एक ऑपरेशन झालं, पण कळ जागची हलेना. बाई भिंतीला धरून चालायची आणि वर आम्हालाच म्हणायची, "काही नाही गं, जरा अवघडलंय." माझा नुसता संताप व्हायचा.

शेवटी डॉक्टरांनी तिच्या कमरेत एक यंत्र बसवलं. कातडीच्या आत, काडेपेटीएवढं. त्याच्या बारीक तारा मणक्याशी नेलेल्या. यंत्र मंद करंट सोडत राहतं आणि दुखणं डोक्यापर्यंत पोचायच्या आत वाटेतच अडतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. वहिनी सरळ चालायला लागली एवढं मात्र मी डोळ्यांनी बघितलं, आणि त्या दिवशी मी रडले. हो, मीसुद्धा रडते.

आता यंत्र म्हटलं की बॅटरी आली आणि बॅटरी म्हटली की चार्जिंग आलं. ते बाहेरूनच करायचं. कमरेला एक पट्टा बांधायचा, पट्ट्यातली चकती बरोबर यंत्रावर येईल अशी बसवायची, चकतीची वायर एका डबीला, डबीची वायर भिंतीला. मग तासभर हलायचं नाही. चकती जराशी सरकली की डबी टीं टीं करून घर डोक्यावर घेते.

वहिनी आणि न हलणं! पहिल्याच दिवशी तिने बसल्या बसल्या मटार सोलायला घेतले. एक शेंग खाली पडली, ही वाकली. टीं टीं. खिडकीचा पडदा वाकडा दिसला, हात लांब केला. टीं टीं. तेवढ्यात खालून दादाची हाक, "अगं, मोठे ट्रे कुठे ठेवलेस?" ही उठलीच. टीं टीं टीं टीं. माझं डोकं फिरलं. क्रीमने बरबटलेले हात तसेच घेऊन मी जिन्यात आले आणि खाली ओरडले, "तिला कोणी हाक मारायची नाही! ती चार्जिंगला बसलीय!"

तेव्हापासून तो घरातला कायदाच झाला. गुरुवारी दुपारी, सकाळचा माल संपून संध्याकाळचा पहिला घाणा भट्टीतून निघायच्या सुमारास, वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. शेजारची बाई काही मागायला आली तरी ठकी तिला खालूनच परत पाठवायची, "आई चार्जिंगला बसलीय." ती बिचारी दर वेळी बुचकळ्यात पडायची.

सुरुवातीला वहिनी नुसती चुळबुळ करायची. मग हळूहळू तिला गोडी लागली. ती त्या तासात काय करायची विचाराल, तर काहीच नाही. विणायची नाही, वाचायची नाही, फोन लांब ठेवायची. आमच्या घरात ताजा बन सगळ्यांना आणि मोडका-करपलेला वहिनीला, ही पद्धत कधी पडली कोण जाणे. पण गुरुवारी दादा भट्टीतून काढलेला पहिला बन लोणी लावून स्वतः वर घेऊन जायचा, कारण तिला खाली येता यायचं नाही. एकदा ती मला म्हणाली, "अगं, दुपारचं ऊन या कोपऱ्यापर्यंत येतं, माहीत होतं तुला?" लग्न होऊन या घरात आलेली बाई, लेक कमावती झाली, आणि हिला आपल्या खोलीत ऊन कुठवर येतं ते आत्ता कळतंय.

मी जाता-येता चिडवायचे, "काय वहिनी, किती टक्के?"

"तुझ्या डोक्यापेक्षा जास्तच," ती डोळे मिटूनच म्हणायची.

पुढे त्या बॅटरीचं वय झालं. आठवड्याचं चार्जिंग दोन दिवसांत संपायला लागलं. आणि एक दिवस एका समारंभाची भली मोठी ऑर्डर होती. सकाळपासून वहिनी उभी. चार्जिंगला बसायचं ती पुढे ढकलत राहिली, आणि भर दुपारी यंत्र बंद पडलं. इतकी वर्षं दबून राहिलेली ती कळ एकदम वर आली. वहिनीने काउंटर दोन्ही हातांनी धरला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि समोरच्या माणसाला ती म्हणत होती, "एक मिनिट हं, देते." ठकीने आणि मी तिला आडवी केली. दादा पट्टा आणि डबी आणायला वर धावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या हसून म्हणाल्या, "बॅटरी बदलावी लागेल. पण आनंदाची बातमी आहे. तुम्हाला आता करंट कमी लागतो, त्यामुळे चार्जिंगची गरजच नसलेली बॅटरी बसवता येईल. काही वर्षं बघायला नको."

"सुटलीस बाई!" दादा खुर्चीतून उठलाच.

वहिनी म्हणाली, "आणि चार्जिंगवाली?"

"तीही मिळते. पण कशाला ती कटकट?"

"कटकटच!" दादा म्हणाला. "तासभर बिचारीला डांबून ठेवावं लागतं."

परत येताना दादा व्हॅन चालवत होता आणि आम्ही दोघी मागे, रिकाम्या ट्रेंच्या खडखडाटात. मी म्हटलं, "एवढी चांगली बातमी, आणि तोंड का पाडलंस?"

"मग मी बसायचं कधी?" ती म्हणाली.

मला हसूच आलं. "अगं, बस की! बसायला काय यंत्र लागतं? कोण अडवतंय तुला?"

"तुम्हीच, वन्सं." रागावली की ती मला वन्सं म्हणते. पण तेव्हा ती रागावलेली नव्हती, हेच जास्त लागलं. "तुम्ही सगळे. ते वाजतं म्हणून तुम्ही थांबता. मी नुसतं नको म्हटलं तर कोण थांबणार आहे?"

घसरत आलेला एक ट्रे मी पायाने अडवला आणि म्हटलं, "मग चार्जिंगवालीच घे. मी बोलते दादाशी."

"नको," ती म्हणाली. "कालसारखं परत कधी झालं तर? ते दुखणं नको गं मला. आणि त्यांना काही सांगू नकोस, उगीच वाईट वाटेल."

बिनचार्जिंगची बॅटरी बसली. जखम भरली, वहिनी पुन्हा तुरुतुरु चालायला लागली, आणि आम्ही सगळे खूश. पट्टा, चकती, डबी कपाटात गेली. पहिल्या गुरुवारी दुपारी मी बघितलं, वहिनी वर गेली, खुर्चीपाशी थांबली, खुर्ची फडक्याने पुसली आणि खाली आली. दादाने सवयीने पहिल्या बनला लोणी लावलं, जिन्यापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला. मग तो बन त्याने काउंटरवर ठेवला. वहिनीने तो उभ्या उभ्या, सुटे पैसे मोजता मोजता खाल्ला. तिला चव कळली असेल असं मला वाटत नाही. मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते, आणि मला काय झालंय हे कोणाला कळेना.

असे काही गुरुवार गेले. मग एका गुरुवारी मी क्रीमची पिशवी घ्यायला वर गेले, तर वहिनी खुर्चीत. कमरेला पट्टा, मांडीवर डबी. डबीची वायर जमिनीवर गुंडाळून पडलेली. भिंतीपर्यंत पोचलेलीच नव्हती.

"काय?" वहिनी हनुवटी वर करून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"कुठे काय?" मी म्हटलं.

माझ्या मागोमाग ठकी आली. "आई, अगं पण आता तुला..." मी असे डोळे वटारले की पोरीने पुढचं वाक्य गिळलं.

आणि नेमकी खालून हाक आली, "अगं, यीस्टचा डबा कुठाय?"

वहिनी सवयीने अर्धी उठली. चकती सरकून पाठीमागे गेली. डबी गप्प. वहिनीने डबीकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. जिन्यावर दादाची पावलं वाजायला लागली. आमचा दादा मनाने सोन्यासारखा, पण मनात येईल ते तोंडात. आमच्या घराण्याचाच तो गुण आहे. आता हा हसणार आणि म्हणणार, अगं वेडे, हे कशाला बांधून बसलीस?

दादा दारात आला. कोपरापर्यंत मैदा. त्याने खुर्चीकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, जमिनीवरच्या वायरकडे बघितलं. वहिनी अजून अर्धी उठलेलीच होती.

"हलू नकोस," तो म्हणाला. "वाजेल ते."

वहिनी खाली बसली. तो आला तसा परत गेला, आणि जिन्याच्या मध्यावरून त्याचा आवाज आला, खालच्या गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकू जाईल एवढा, "तिला कोणी हाक मारायची नाही! ती चार्जिंगला बसलीय!"

ठकी तोंडावर हात ठेवून खाली पळाली. मी तिथेच उभी राहिले, क्रीमच्या हातांनी डोळे पुसता येईनात म्हणून. खाली डबे आपटल्याचे आवाज सुरू झाले. एक झाकण गडगडत गेलं. वहिनीला राहवेना.

"डाव्या फळीवर आहे गं तो, समोरच. पटकन सांगून येऊ?" ती पुन्हा उठायला लागली.

"टीं टीं," मी म्हटलं.

ती हसली, पाठ टेकली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. खाली दादाला डबा सापडला. वेळ लागला, पण सापडला.