तरवडाचं उटणं

दसरा झाल्याशिवाय उटण्यासाठी तरवडाचं फूल तोडायचं नाही, हा माझ्या सासूबाईंचा नियम. नवरात्रात ती पिवळी फुलं देवीच्या माळेची. माळा संपल्या की मग आपल्या अंगाची. तोवर निम्मा बहर झडलेला असतो, झुडपांना चपट्या शेंगा लोंबायला लागतात. पण नियम म्हणजे नियम. सासूबाई गेल्या, आम्ही गाव सोडून सांगलीत फ्लॅट घेतला, तरी दसरा झाला की एस्टीनं वडूजला जायचं आणि माळावर फुलं खुडायची, हे काही सुटलं नाही.

फौजेतून परतल्यापासून दरवर्षी हे बरोबर असायचे. काम एकच, पिशवी धरायची. तेही धड जमेल तर शपथ! माझं लक्ष नसलं की पानं, काड्या, शेंगा, सगळं कोंबायचे. "अहो, उटणं करायचंय, शेळीला चारा नाही न्यायचा," म्हटलं की फौजेतला कडक सॅल्यूट ठोकायचे. नोकरीत होते तोवर दिवाळीला घरी क्वचितच. पेन्शनीत आल्यावर मात्र पहिल्या आंघोळीला माझ्या पाठीला उटणं लावायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. इतकं खसाखसा चोळायचे की मी ओरडायची, "पातेलं घासताय काय?" मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधीच ते गेले. त्या दिवाळीला आम्ही पणतीसुद्धा लावली नाही.

यंदा एकटीच गेले. पिशवी कमरेला बांधली, तर ती मेली सारखी गुडघ्यात येई. मेंढरं घेऊन एक धनगरीण आली. दरसालची ओळख, रामराम करण्यापुरती.

"आवं, एकल्याच आलाय? दादा कुटं हायत?"

"नाहीत आता."

ती जवळ आली. काठी काखेत धरून माझ्याच झुडपाची फुलं खुडायला लागली. खुडता खुडता म्हणाली, "मग आता ह्ये कुणाला लावायचं?"

"मुलगा येतोय की दिवाळीला. बंगळूरहून."

येतो असं तो म्हणाला नव्हता. "बघतो" म्हणाला होता. पण लाज वाटली मला, खरं सांगायला.

घरी आल्यावर फुलं सावलीत वाळवली. उन्हात टाकली की रंग उडतो. बाजारातून आंबेहळद आणली, नागरमोथा, मसुराचं पीठ घातलं, वस्त्रगाळ केलं. हाताला सवय भरल्या घराची, डबा काठोकाठ भरला. रोज फोनकडे बघायचे. वसुबारसेच्या संध्याकाळी आला एकदाचा.

"आई, सुट्टीचं नाही जमलं गं. आणि ते उटणं कुरिअर करत बसू नकोस हं. मागच्या खेपेला इथली मोरी तुंबली होती."

"बरं," म्हटलं. मोरी तुंबते म्हणे! फोन ठेवला आणि पदर तोंडात कोंबून रडले.

नरकचतुर्दशीला पहाटे उठले. पाट मांडला, तेल लावलं, वाटीत दुधात उटणं कालवलं. तोंड झालं, हात झाले, पाय झाले. पाठीला खांद्यावरून हात घातला, कमरेकडून वर नेला. मधला भाग काही हाताला येईना. मान दुखली, बांगडी खळकन भिंतीवर आपटली, राग आला. कुणाचा ते कळेना.

तेवढ्यात बेल वाजली. पातळ गुंडाळून दार उघडलं. शेजारची सून फराळाचं ताट घेऊन उभी.

"काकू, काय मस्त वास येतोय! एकट्याच आहात ना, काही लागलं तर हाक मारा हं. लाजू नका."

अगदी जिभेवर आलं होतं, जरा पाठीला लाव गं. एवढंच तर म्हणायचं होतं.

"नको गं, सगळं आहे," म्हटलं.

दार लावलं आणि परत पाटावर बसून तांबे ओतून घेतले. पाठीवरनं नुसतंच पाणी गेलं.